मोटारींच्या दुकानात गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर

गिटारसाठी घरी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर बांधताना १२एएक्स७ आणि ६व्ही६ हे व्हॉल्व्ह मागवून मिळाले. अडले ते व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांची जुळणी करणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. शेवटी जळगावात, एरवी केळीच्या बागांवरील सबमर्सिबल मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारागिराकडे ते काम दिले. व्हॉल्व्हकडचे ५००० ओहमचे वेटोळे (प्रायमरी) आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी दुसरे (सेकंडरी), हे गणित त्यांनी नीट समजून घेतले आणि थरागणिक कागद घालून तार सुबक गुंडाळली. गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या मात्र सवयीने उलटसुलट भरल्या. एकाच ६व्ही६च्या सर्किटमध्ये प्रायमरीतून सतत एकदिश प्रवाह वाहत असल्यामुळे ई (E) आणि आय (I) आकाराच्या पट्ट्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती नसल्याने गाभा संपृक्त होऊन (आणखी चुंबकत्व न पेलून) खर्जाचे सूर फाटत होते. हे दाखवल्यावर त्यांनी कुरकुर न करता, जादा पैसेही न घेता, पट्ट्या काढून पुन्हा भरल्या, आणि आता सुमारे ५ वॅटचा आवाज गिटारच्या सर्वांत जाड तारेवरही भरीव येतो. वायदा ८ दिवस लांबला, हे खटकले (हंगामात शेतकऱ्यांच्या मोटारी आधी, हेही खरेच). पुढचा पॉवर ट्रान्सफॉर्मरही तिथेच टाकणार आहे.