वीस टक्के बायोडिझेल: पिकअपला मानवलं, जनरेटरला नाही

डिचोलीत आमची जुनी पिकअप आणि काजूच्या कारखान्याचा जनरेटर, दोन्ही गेल्या हंगामापासून २० टक्के बायोडिझेल (वनस्पती तेलापासून केलेलं इंधन) मिसळलेल्या डिझेलवर आहेत. मायलेज जवळपास तेच. इंजिनही कुरकुरत नाही. सांगण्यासारखं आहे ते इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं.

पिकअपला रोटरी पंप. त्याला वेगळं ऑइल नसतं. आतले भाग डिझेलच्याच वंगणावर फिरतात. बीएस-६ डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर (दहा लाखात दहा भाग) आणताना वंगणाचं काम करणारी संयुगंही निघून जातात, म्हणून त्यात अॅडिटिव्ह घालावं लागतं. बायोडिझेल ज्यांचं बनलेलं असतं ती एस्टर संयुगं ही उणीव आपसूक भरून काढतात. त्यांचं ऑक्सिजनवालं टोक धातूला चिकटतं आणि वर पातळ थर बसतो. त्यासाठी एक-दोन टक्के बायोडिझेलही पुरतं. कॅलिब्रेशनसाठी पंप खोलला तेव्हा कॅम प्लेट आणि रोलर गुळगुळीत निघाले. ‘बायोडिझेल पंप खातं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी तो बघायला हवा होता. पंपाचा आवाज कमी झाला, असं ड्रायव्हर म्हणतो. मला तरी तो तसाच वाटतो. सुरुवातीला टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर लवकर चोक झाले, तेवढंच.

जनरेटरची गोष्ट वेगळी. काजू संपले की तो पावसाळाभर उभा, टाकी अर्धी रिकामी, आणि आपल्याकडची हवा ही अशी दमट. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं. पाण्याने एस्टर फुटून फॅटी आम्लं सुटतात. हवेतल्या ऑक्सिजनने आधी पेरॉक्साइड, मग फॉर्मिक-असेटिकसारखी आम्लं आणि चिकट गम तयार होतो. तांब्या-पितळेचे भाग ही क्रिया आणखी वाढवतात. चवथीच्या आधी चालू करायला गेलो तर पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, हलेना. जनरेटरचा पंप इनलाइन प्रकारचा. त्याचा कॅम इंजिन ऑइलमध्ये सुरक्षित होता, पण डिझेल दाबणारा प्लंजर (दट्ट्या) त्याच्या बॅरलमध्ये (नळीत) चिकटलेला आणि त्यावर गंजाचे बारीक खड्डे. मिस्त्रीने प्लंजर हुंगून सांगितलं, “ह्यो घासून गेलेला न्हय, तेल आंबलंय.” नायट्रिल रबराचे पाइपही फुगले होते, तिथे व्हिटॉन या वेगळ्या रबराचे टाकले.

बायोडिझेल घेताना पुरवठादाराकडे टेस्ट रिपोर्ट मागा. आयएस १५६०७ या शुद्ध बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे आम्लांक (आम्ल किती आहे ते सांगणारा आकडा) ०.५० च्या आत आणि पाणी ५०० पीपीएमच्या आत हवं. रिपोर्ट द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून मी आता घेत नाही.

पिकअप रोज पळते, टाकीत तेल शिळं होत नाही, तिला हेच चालू ठेवणार. जनरेटरला मे महिन्यापासून साधं डिझेल, टाकी काठोकाठ.