कल्पित महाकाय प्राणी: रवंथ करणारा की हत्तीच्या धाटणीचा?

कथेसाठी १० टनांचा ओझेवाहू प्राणी रचायचा, तर आधी त्याचं पोट ठरवा. रवंथ करणारा घेतलात तर गवतातला कस चांगला निघतो. पण चारा बारीक झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे तासन्‌तास चघळणं आलं. लांबच्या मजलीला हे परवडत नाही.

हत्तीच्या धाटणीचा प्राणी निम्म्याहून जास्त चारा न पचवताच टाकतो, मात्र त्याला पाला, साल, फांद्या काहीही चालतं. त्याच्या शेणात सालीचे धागे जसेच्या तसे दिसतात; वाळवलं की जळण, धुऊन शिजवलं की कागद! मी हाच निवडेन. फक्त गाभणकाळ हत्तीसारखा सुमारे २२ महिने धरा, म्हणजे लढाईत गेलेली जनावरं सहजासहजी भरून निघणार नाहीत.