शिवणक्लासच्या हजेरीचा अंगठा

ऑगस्ट २०२४. लाडक्या बहिणीचे दोन हप्ते, तीन हजार रुपये, एकदम खात्यात पडले आणि आठवड्याभरात वाडीत शिवणक्लासवाल्या मॅडम आल्या. गळ्यात ओळखपत्र, मागे सरकारी योजनेचा फ्लेक्स. तीन महिने शिकवणार, शेवटी प्रमाणपत्र आणि मोटारीची मशीन. नोंदणी पंधराशे, म्हणजे बरोब्बर एक हप्ता!

खरं सांगू, फुकट म्हणाल्या असत्या तर मीच दारात उभं केलं नसतं. पैसे घेतायत, पावती देतायत, म्हणजे खरं असणार असं वाटलं. बचत गटाची सचिव मी. माझ्या शब्दावर अकरा जणींनी पैसे काढले. त्यातल्या दोघी नवऱ्याने टाकलेल्या.

समाजमंदिरात दोन पायमशीन आल्या. एकीला बॉबीन केसच नव्हती. बिनदोऱ्याची सुई, खाली वर्तमानपत्र, आळीपाळीने पायडल मारायचं. पेपर कटिंग कटोरी ब्लाउजपर्यंतही पोचलं नाही. हजेरी मात्र रोज, छोट्या यंत्रावर अंगठा. "उमटला नाही ताई, परत ठेवा." काहींचा तीन-तीनदा घेतला. सोळाव्या दिवशी कुलूप, फोन बंद.

पंधराशेवर पाणी सोडून गप्प बसलोही असतो. पण शेजारच्या वहिनी पासबुक भरायला गेल्या, तर आधारवरून पैसे काढल्याच्या दोन नोंदी. मेसेज यायचा कुठून, खात्याला नंबर दिराचा जुना. साहेबांनी विचारलं, अंगठा कुठे दिला होता? वहिनी म्हणाल्या, "क्लासात, हजेरीला."

मग सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली. खूप उशीर झाला होता.

नंतर कळलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, शिवणकाम राहण्या-जेवणासकट फुकट शिकवतात. आधीपासून शिवणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसायांत शिंप्याचा आहेच. त्यात प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये उलट आपल्यालाच मिळतात, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर वेगळं. नोंदणीला पैसे नाहीत. आणि शिकवणारे अंगठा मागू लागले, तर यंत्र कशाचं आहे ते आधी विचारा, मी विचारलं नाही.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, मोबाईलवरून लॉक करता येतं. मी बाराही जणींचं केलंय. रेशनच्या दिवशी तेवढं उघडावं लागतं, त्यामुळे त्या सकाळी सगळ्या माझ्या ओट्यावर. दुकानात यंत्रापुढे उभ्या राहिल्या की वहिनी आधी मला हाक मारतात, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला.