लाइव्ह टाइम की रिअल टाइम?

मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांचा बीम नमुन्यावर पाडून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) ईडीएस आणि डब्ल्यूडीएस (नमुन्यातून येणारे क्ष-किरण मोजणारे दोन डिटेक्टर: पहिला ऊर्जेनुसार, दुसरा तरंगलांबीनुसार) एकत्र चालवताना मूलद्रव्यांच्या टक्केवारीची बेरीज १०० च्या बरीच खाली आली, की मी स्टँडर्डच्या (तुलनेसाठीच्या ज्ञात नमुन्याच्या) आधी वेळ तपासतो.

ईडीएस लाइव्ह टाइमवर (डिटेक्टर मोजायला मोकळा असतो तेवढाच वेळ) लावला की डेड टाइमची (आधीचा क्ष-किरण हाताळताना नवा मोजता येत नाही तो वेळ) भरपाई आपोआप होते. पण डेड टाइम ४० टक्के असेल, तर ६० सेकंद लाइव्ह भरायला घड्याळाचे १०० सेकंद लागतात. डब्ल्यूडीएस ६० सेकंदांत आटोपला आणि फॅरेडे कप (बीम अडवून त्याचा करंट मोजणारा कप) आत गेला, तर ईडीएस बीमविना मोजत राहतो. लाइव्ह टाइम ६० दिसतो, काउंट (मोजलेले क्ष-किरण) मात्र ३६ सेकंदांचेच! खूण सोपी आहे: मोजणी चालू असतानाच डेड टाइमचा आकडा एकदम शून्याजवळ येतो.

रिअल टाइमवर (घड्याळाच्या वेळेवर) ईडीएस ठरल्या क्षणी थांबतो. लाइव्ह ३६ सेकंदच मिळतात, सांख्यिकी त्रुटी थोडी वाढते. पण काउंटना लाइव्ह टाइमने भागलं तर तीव्रता बरोबर येते. (रिअल टाइमने भागण्याची चूक फार होते.) माझी पसंती रिअल टाइमवर मोजण्यालाच, विशेषतः सोडियमयुक्त काचेवर, कारण तिथे बीम जास्त वेळ राहिला की सोडियम सरकतो.

लाइव्ह टाइमच हवा असेल, तर दोन्ही मोजण्या संपेपर्यंत बीम चालू ठेवा किंवा डेड टाइम घटवण्यासाठी बीमचा करंट कमी करा.