कृष्णवर्णीय शिक्षक: नवे आणायचे की आहेत ते टिकवायचे?

अमेरिकेतले मराठी पालक आता शाळेच्या कमिट्यांवर दिसतात, काहीजण स्कूल बोर्डाची निवडणूकही लढवतात. तिथे कधी ना कधी हा विषय निघतोच: डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत, कृष्णवर्णीय शिक्षक फार कमी आहेत आणि निधी बेताचा आहे, तर तो घालायचा कुठे? ज्यांना यावर मत द्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

देशभरातल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे १५ टक्के आहेत, शिक्षक मात्र ६-७ टक्के. 'उमेदवारच मिळत नाहीत' हे उत्तर बैठकीत हमखास ऐकू येतं. त्याआधी इतिहास बघावा. शाळांतलं वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा बंद होत गेल्या. मुलांना गोऱ्यांच्या शाळांत घेतलं, त्यांच्या शिक्षकांना नाही. दहा-अकरा वर्षांत १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. शिकवण्याची परंपरा असलेली घरंच्या घरं या पेशातून बाहेर फेकली गेली. त्याची किंमत मुलं अजून मोजताहेत. टेनेसीतल्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याची १९ टक्क्यांनी जास्त असते.

पहिला पर्याय झटपट भरतीचा. जॉइनिंग बोनस द्यायचा, पदवीधर उमेदवार घ्यायचा, काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन वर्गात उभा करायचा आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट नंतर पूर्ण करू द्यायचं. ऑगस्टमध्ये जागा भरलेल्या दिसतात. पण तुटपुंज्या तयारीने आलेले शिक्षक सुरुवातीच्या वर्षांतच जास्त प्रमाणात सोडून जातात. कृष्णवर्णीय उमेदवार याच वाटेने अधिक येतात, कारण नेहमीच्या वाटेत विनापगारी स्टुडंट टीचिंग (शाळेत शिकवण्याचा सराव) असतं आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज इतरांपेक्षा मोठं असतं. तेव्हा बोनसचा पैसा दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा खर्च करायची तयारी असेल तरच ही वाट धरावी.

दुसरा, रेसिडेन्सीचा. २००३ मध्ये सुरू झालेली बॉस्टन टीचर रेसिडेन्सी हे त्याचं चांगलं उदाहरण. वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहायचं, स्टायपेंड घ्यायचा, सोबत मास्टर्स करायचं आणि नंतर तीन वर्षं त्याच शहरात शिकवायचं. इथून आलेले शिक्षक शहरातल्या इतर नवशिक्यांपेक्षा वर्णाने अधिक वैविध्याचे होते, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्यांतले सुमारे ७५ टक्के टिकले. इतर ५१ टक्केच. उणी बाजूही सांगायला हवी. गणितात हे शिक्षक सुरुवातीला इतर नवशिक्यांपेक्षाही कमी पडले, चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र मुरलेल्यांच्या पुढे गेले. म्हणजे पहिल्या वर्षीच्या मुलांच्या गुणांवरून योजना बंद करणाऱ्या बोर्डाला याचा उपयोग नाही.

तिसरा पर्याय आपल्याच गावातली मुलं शिक्षक म्हणून घडवण्याचा. साउथ कॅरोलायनात २००० च्या सुमारास क्लेमसन विद्यापीठ आणि पूर्वापार कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या तीन कॉलेजांनी 'कॉल मी मिस्टर' सुरू केलं, तेव्हा राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांत कृष्णवर्णीय पुरुष एक टक्काही नव्हते. फीला मदत, बरोबरीच्या मुलांचा गट आणि बदल्यात राज्यातल्या शाळेत नोकरी. उत्तम योजना, पण फळ दिसायला चार-पाच वर्षं लागतात. बोर्डावरची तुमची मुदत त्याआधी संपेल, हे धरूनच मत द्या.

या तिन्हींत मला रेसिडेन्सी सगळ्यात भरवशाची वाटते. पण माझं पहिलं मत यांपैकी कशालाच नसेल, ते आज नोकरीत असलेल्यांना टिकवण्यासाठी असेल. शाळेत एकच कृष्णवर्णीय सर असतात तेव्हा काय होतं बघा. शेजारच्या वर्गात दंगा करणारा मुलगा 'जा, सरांसमोर बस' म्हणून त्यांच्याकडे धाडला जातो. त्यांचा मोकळा तास तिथेच संपतो. पालक भेट, वर्णावरून झालेलं भांडण, फेब्रुवारीतला ब्लॅक हिस्टरी मंथचा कार्यक्रम, सगळं त्यांच्याच गळ्यात. अमेरिकेचे शिक्षणमंत्री असताना जॉन किंग यांनी याला 'अदृश्य कर' म्हटलं होतं. या कामाचे तास मोजून पैसे देणं किंवा ते सगळ्या शिक्षकांत वाटणं डिस्ट्रिक्टच्या हातात आहे, आणि त्याला रेसिडेन्सीइतका खर्चही नाही.

कायद्याची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. वर्ण बघून नेमणूक करता येत नाही. नोकरकपातीत शिक्षकांना वर्णानुसार संरक्षण देणारा मिशिगनमधल्या जॅक्सन शहराचा करार सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच रद्द केला. म्हणून स्टायपेंड, कर्जमाफी, गावातल्यांना संधी या वाटा सर्वांसाठी खुल्या ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षक-प्रशिक्षणाची कोट्यवधी डॉलर्सची अनुदानं रद्द केली, त्यामुळे त्या भरवशावर रेसिडेन्सी आखू नका. पहिल्या दोन तुकड्यांचा पैसा स्थानिक बजेटमध्ये दिसला तरच हात वर करा.

आणि मुख्याध्यापकाच्या निवडीत लक्ष घाला. शिक्षक राहतो की जातो, हे बरंचसं त्या खुर्चीवर ठरतं. मुलाखतीत सरळ विचारा: तुमच्या मागच्या शाळेतून किती कृष्णवर्णीय शिक्षक गेले, का गेले, आणि जाण्याआधी त्यांच्याशी कोण बोललं?