क्रूशियल बीएक्स५००: मंदावलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी पुरेशी एसएसडी

लॅपटॉप सुरू झाल्यावरही पाच-पाच मिनिटं अडखळत असेल, तर आधी टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतंय आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी? मग टेम्प (तात्पुरत्या) फाइली पुसण्यात वेळ घालवू नका. ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कचं हेड विखुरलेल्या फाइली गोळा करतानाच थकतंय, आणि त्यावर कुठल्याही क्लीनरकडे इलाज नाही.

अशा घरगुती मशीनला क्रूशियलची बीएक्स५०० ही एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, छान चालते. २.५ इंची, ७ मिमी जाडीची, साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची. कंपनी वाचनाचा वेग सेकंदाला ५४० एमबी सांगते. जुन्या बोर्डावर साटा-२ ही आधीची, हळू आवृत्ती असेल तर त्याच्या निम्माच मिळतो, पण बिघडत काही नाही. खरा फायदा बारीक फाइली चटकन सापडण्याचा आहे. २४० जीबीच्या मॉडेलची लेखनमर्यादा ८० टेराबाइट, म्हणजे रोज २० जीबी लिहिलं तरी जवळपास ११ वर्षं. वॉरंटी ३ वर्षांची. हिच्यात डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान तात्पुरती मेमरी) नाही, आणि मोठ्या व्हिडिओ फाइली एका दमात कॉपी करताना वेग चांगलाच घसरतो. एडिटिंग करणाऱ्यांनी दुसरी बघावी.

घोळ होतो तो क्लोन करताना, म्हणजे जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी एसएसडीवर उतरवताना. आधी जुनी डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासा. पिवळं ‘कॉशन’ आणि सी५ (नीट वाचता न येणारे भाग) या ओळीत शून्याहून मोठा आकडा दिसला, तर क्लोन मध्येच अडकू शकतो. तेव्हा फोटो-कागदपत्रं लगेच बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका. डिस्क ठणठणीत असेल तर साटा-यूएसबी केबल वेगळी आणा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) बंद करून मगच क्लोनला लावा.

बसवताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही सोडवा. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट स्क्रू काढून एसएसडीला लावा. कनेक्टरची खाच इंग्रजी एल आकाराची असते. ती जुळवून आडवी सरकवा, वरून दाबू नका. पहिल्या बूटला जुनी डिस्क अजिबात जोडू नका, दोन्हींची ओळख एकच असल्यानं विंडोज गोंधळतं. नंतर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज्’मध्ये ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असं दिसतंय ना, तेवढं पाहा.

रॅम ४ जीबीच असेल तर क्रोमचे दहा टॅब उघडल्यावर मशीन पुन्हा रेंगाळेल, म्हणून आणखी ४ जीबीची पट्टी सोबतच घ्या. आणि बोर्डावर एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) चालणारा एम.२ हा छोटा स्लॉट असेल, तर बीएक्स५०० घेऊच नका. पैसे त्या ड्राइव्हवर घाला.