खिडकीवरच्या माणसाला सगळं माहीत हवं: कोहाच्या ‘न्यूज’ आणि ‘कॅलेंडर’चं परीक्षण, नाशिकच्या वाचनालयांसाठी

वाचनालयाची पहिली ओळख होते ती देवघेवीच्या खिडकीवर. ‘उद्या बालविभाग उघडा आहे का?’, ‘अभ्यासिकेची वेळ बदलली का?’, ‘जुनी नियतकालिकं बघायला कधी मिळतील?’ हे प्रश्न तिथेच येतात. तिथे बसलेल्या निर्गम सहायकाला उत्तर ठाऊक नसेल, तर कार्यकारी मंडळाने घेतलेला चांगला निर्णयही वाचकाच्या लेखी झालेलाच नसतो. १८४० पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा असलेल्या नाशिकसारख्या शहरात वाचक हक्काने विचारतो, आणि त्याने विचारावंच.

कोहा बहुतेक ग्रंथपालांना दाखल नोंदी (नव्या पुस्तकांना क्रमांक देणं), तालिका (पुस्तकांची सूची) आणि देवघेव यांसाठी माहीत आहे. २००० साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयात वापरात आलेली ही ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवणारी मुक्त प्रणाली आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. कर्मचाऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवायची दोन साधनं तिच्यात आधीपासूनच आहेत, ‘न्यूज’ आणि ‘कॅलेंडर’. बऱ्याच ठिकाणी ती उघडलीच जात नाहीत, म्हणून हे परीक्षण फक्त या दोघांचं.

आधी न्यूज. कोहातल्या ‘टूल्स’ या विभागात जाऊन नवी नोंद केली की शीर्षक, मजकूर, कुठे दिसावी, कोणत्या शाखेसाठी, कधीपासून, कधीपर्यंत आणि क्रम अशा चौकटी येतात. क्रमाचा आकडा जितका लहान तितकी सूचना वर. सगळ्यात मोलाच्या आहेत त्या दोन तारखा. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा कार्यक्रम आहे आणि त्या दिवशी वाचनकक्ष दुपारनंतर बंद राहणार आहे, तर ही सूचना १५ तारखेलाच लिहून ठेवता येते. २० ला ती आपोआप दिसू लागते, २८ ला गेलेली असते. फळ्यावर तीन महिन्यांपूर्वीची सूचना तशीच राहते आणि मग नवीही कुणी वाचत नाही. तो दोष इथे मुळातच टळतो, अट एवढीच की शेवटची तारीख भरायला हवी. ती रिकामी ठेवली की सूचना कुणी हाताने काढेपर्यंत पडून राहते.

चुका होतात त्या ‘कुठे दिसावी’ या चौकटीत. कर्मचाऱ्यांच्या पडद्यासाठी एक पर्याय आहे, वाचकांच्या ऑनलाइन तालिकेसाठी दुसरा, दोन्हीकडे दाखवायची सोय आहे आणि देवघेवीच्या छापील चिठ्ठीसाठीही वेगळा पर्याय आहे. घाईत चुकीचा पर्याय निवडला की ‘अनामत परताव्याच्या फाइली सोमवारपर्यंत पूर्ण करा’ ही अंतर्गत सूचना थेट वाचकांना दिसते. जतन केल्यावर वाचकांचं पान वेगळ्या खिडकीत उघडून एकदा बघावं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी अडचण शाखांची. मुख्य इमारत गावात आणि उपशाखा सिडको किंवा नाशिकरोडला, अशी रचना असेल तर सूचना एकाच शाखेपुरती ठेवता येते. पण ती दिसते लॉगिन करताना निवडलेल्या शाखेनुसार. उपशाखेतला कर्मचारी मुख्य शाखा निवडून आत गेला, तर उपशाखेची सूचना त्याच्यापर्यंत जातच नाही. शिवाय त्याने दिलेली पुस्तकं मुख्य शाखेच्या नावावर पडतात, ते नुकसान वेगळं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि त्यावर योग्य शाखा, हे आधी नीट करून घ्यावं. एकच लॉगिन सगळ्यांनी वापरलं तर सूचना कुणी बदलली हेही कळत नाही. सूचना लिहायची परवानगी दोघांनाच असावी, ग्रंथपाल आणि सहायक ग्रंथपाल.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या टंकातलं परिपत्रक तसंच चिकटवलं तर पडद्यावर निरर्थक अक्षरं उमटतात. वर्डमधून उचललेला मजकूर आपल्याबरोबर रंग आणि मोठी अक्षरं घेऊन येतो आणि पान विस्कटतं. तो आधी नोटपॅडमध्ये टाकून मग इकडे आणावा.

न्यूजची मोठी मर्यादा अशी की ती कर्मचाऱ्याच्या मुखपृष्ठावरच, म्हणजे लॉगिन केल्यावरच्या पहिल्या पानावरच, दिसते. देवघेवीवर बसलेला माणूस सकाळी लॉगिन करतो, थेट देण्याघेण्याच्या पानावर जातो आणि रात्री खिडकी बंद होईपर्यंत तिथेच असतो. दुपारी २ वाजता टाकलेली सूचना त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली तर दिसली. यावर कोहातच एक तोड आहे. ‘इंट्रानेट सर्क्युलेशन होम एचटीएमएल’ नावाची एक जागा आहे, तिथे लिहिलेला मजकूर देवघेवीच्या पहिल्या पानावर येतो. तिला तारखा लावता येत नाहीत, म्हणून तिथे दोनच ओळी ठेवाव्यात: आजच्या वेळा, आणि ‘मुखपृष्ठावरची अमुक क्रमांकाची सूचना वाचा’.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. कुणी वाचलं आणि कुणी नाही, हे कोहा सांगत नाही. वाचल्याची खूण नाही, सही नाही. त्याची भरपाई बाहेरूनच करावी लागते, त्याबद्दल पुढे.

आता कॅलेंडर. आमच्या मते या दोघांत खरा मोलाचा भाग हाच, कारण इथे भरलेली सुट्टी नुसती कळत नाही, ती परतीच्या तारखेत आणि दंडात उतरते. शाखा निवडायची, तारखेवर क्लिक करायचं आणि सुट्टीचा प्रकार ठरवायचा: फक्त त्या दिवसाची, दर आठवड्याला त्याच वाराची, दर वर्षी त्याच तारखेची, किंवा अमुक ते अमुक तारखेपर्यंतची. सगळ्या शाखांना लागू करायची खूण खाली असते.

‘दर वर्षी’ हा पर्याय जपून वापरावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांना तो चालतो. दिवाळी, रंगपंचमी, अनंत चतुर्दशी तिथीने येतात, त्यांना चालत नाही. एकदा दिवाळी ‘दर वर्षी’ म्हणून भरली की पुढच्या वर्षी भलत्याच आठवड्यात वाचनालय बंद दिसतं आणि खऱ्या पाडव्याला पुस्तकाची मुदत संपते. नव्या वर्षाचं पंचांग हाती आलं की तिथीच्या सगळ्या सुट्ट्या एका बैठकीत, एकेक तारीख म्हणून भराव्यात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वाचनालय उघडं ठेवायचं असेल, तर त्या सुट्टीवर क्लिक करून तेवढ्या दिवसाचा अपवाद नोंदवता येतो. साप्ताहिक सुट्टीच पुसू नये, ती पुसली तर सगळ्याच आठवड्यांची जाते.

नाशिकच्या तारखा सरकारी यादीत सापडत नाहीत. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (जमिनीतले रंगाचे हौद) उघडतात, त्या भागातल्या वाचनालयात दुपारनंतर कुणी पोहोचू शकत नाही. चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीत रथोत्सव असतो. विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून मेन रोड, रविवार कारंजा करत जाते. बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो, तेव्हा त्या वाटेने येणारे वाचक आणि कर्मचारी दोघेही उशिरा पोहोचतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं गाव गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतं, आणि सराफ बाजाराकडच्या खालच्या गल्ल्यांत ये-जा बंद होते. यातल्या ठाऊक तारखा वर्षारंभीच भरता येतात. पूर आधी भरता येत नाही.

म्हणून पुराच्या दिवशीची कृती कोहा चालवणाऱ्या प्रत्येकाला यायलाच हवी. कॅलेंडरमध्ये सुट्टी आज भरली तरी आधी दिलेल्या पुस्तकांच्या परतीच्या तारखा बदलत नाहीत, कारण ती तारीख पुस्तक देताना ठरते. बहुतेक घोटाळा इथेच होतो: सुट्टी भरली म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि चार दिवसांनी वाचक दंडावरून खिडकीशी भांडतो. सुट्टी भरून झाली की टूल्समधलं ‘बॅच एक्स्टेंड ड्यू डेट्स’ उघडावं, शाखा निवडावी, ज्या तारखांना मुदत संपते तो टप्पा द्यावा आणि नवी तारीख किंवा वाढीव दिवस लिहावेत. यादी आधी दाखवली जाते, ती बघून मगच मान्य करावं. शेवटी न्यूजमध्ये दोन ओळी: मुदत किती दिवस वाढवली, आणि कुणाचा दंड लागला असेल तर काय करायचं.

परतीची तारीख सुट्टीवर आली तर काय व्हावं, हे ‘यूज डेज मोड’ या सेटिंगवर ठरतं. ‘कॅलेंडर’ निवडलं तर बंद दिवस मोजलेच जात नाहीत. आठवड्याला एक सुट्टी असलेल्या वाचनालयात १५ दिवसांची मुदत त्यामुळे प्रत्यक्षात १७-१८ दिवसांची होते. ‘ड्यू डेट’ निवडलं तर १५ दिवस नेहमीसारखे मोजले जातात, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तरच तारीख पुढच्या उघड्या दिवशी जाते. नियमावलीत ‘१५ दिवस’ लिहिलेलं असेल तर दुसरा पर्याय योग्य. दंडात बंद दिवस धरायचे की नाही, ते ‘फाइन्स कॅलेंडर’मध्ये वेगळं ठरतं. ही दोन्ही एकमेकांशी जुळलेली असावीत आणि खिडकीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असावीत, कारण ‘माझे दिवस कसे मोजले?’ हा प्रश्न त्यालाच येतो.

कॅलेंडर काय करत नाही? ते कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावत नाही, कार्यक्रमांची यादी ठेवत नाही आणि अर्धा दिवसही समजत नाही. दिवस उघडा किंवा बंद, एवढंच. दुपारी २ ला बंद होणार असेल तर तो दिवस उघडाच ठेवून सूचना न्यूजमध्ये द्यावी. पाळ्यांसाठी महिन्याचा तक्ता कागदावरच बरा.

चालू कामांसाठी न्यूज बऱ्यापैकी उपयोगी पडते. साठा पडताळणी, बारकोड चिकटवणं, दुर्मिळ ग्रंथांचं स्कॅनिंग अशी कामं महिनोन्‌महिने चालतात आणि त्या काळात काही कपाटं वाचकांसाठी बंद असतात. दर आठवड्याला नवी सूचना न लिहिता एकच सूचना ठेवून तिचा मजकूर बदलत राहावा. नमुना असा:

‘सूचना ३१. साठा पडताळणी, कादंबरी विभाग. या आठवड्यात कपाट १२ ते १८ बंद. वाचकाने मागितल्यास नाव व दाखल क्रमांक लिहून घ्यावा, पुस्तक दुसऱ्या दिवशी दुपारी ४ नंतर मिळेल. शंका असल्यास सहायक ग्रंथपालांना विचारावे.’

काय बदललं, कधीपर्यंत, वाचकाला काय सांगायचं आणि विचारायचं कुणाला, या चार गोष्टी आल्या की सूचना पूर्ण होते. ‘साठा पडताळणी सुरू आहे, सर्वांनी सहकार्य करावे’ अशी सूचना खिडकीवर कामाला येत नाही.

आता भरपाईचा भाग. व्हॉट्सअॅपचा गट सगळ्यांकडे असतो आणि तातडीला तो कोहापेक्षा सरस आहे. संदेश दाबून धरून माहिती पाहिली की कुणी वाचलं ते कळतं, आणि एखाद्याने निळ्या खुणा बंद केल्या असल्या तरी गटात त्या दिसतात. तीन संदेश वर टाचता (पिन करता) येतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. पण सणांच्या शुभेच्छांखाली वेळेतला बदल गाडला जातो, आणि नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला आधीची प्रत्येक सूचना मिळेलच असं नाही. कामासाठी वेगळा गट ठेवून त्यात फक्त प्रशासकांनाच लिहिता येईल अशी सेटिंग करावी. तिथे सूचना पूर्ण न लिहिता क्रमांक आणि एक ओळ द्यावी, पूर्ण मजकूर कोहात. एकच मजकूर दोन ठिकाणी राहिला की एक बदलतो, दुसरा तसाच राहतो, आणि दोन कर्मचारी दोन वेगळी उत्तरं देतात.

सहीसाठी सूचना वहीला पर्याय नाही. क्रमांक, तारीख, विषय आणि प्रत्येकाच्या सहीचा रकाना एवढं आखलं की झालं. क्रमांक कोहातलाच. रजेवरून आलेल्याने आधी वही बघावी, सही नसलेल्या सूचना वाचाव्यात आणि मग खिडकीवर बसावं. शिपायाचा रकाना या वहीत हमखास विसरला जातो. दार तोच उघडतो, पायरीवर भेटणारा वाचक सगळ्यांत आधी त्यालाच विचारतो, आणि कोहाचं लॉगिन बहुधा त्याच्याकडे नसतं. त्याला सूचना तोंडी सांगून त्याची सही घेणं हे ग्रंथपालाचं रोजचं काम मानलं पाहिजे.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे कोहा चालू आहे त्यांनी या दोन्ही गोष्टी आजच सुरू कराव्यात, वेगळा खर्च नाही. ज्यांच्याकडे कोहा नाही त्यांनी फक्त सूचनांसाठी ते बसवू नये: सॉफ्टवेअर फुकट असलं तरी लिनक्सवरचा सर्व्हर, रोजचा बॅकअप आणि सांभाळणारा जाणकार माणूस यांना पैसे लागतात. एका खोलीत दोन कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या, सरकारी वर्गवारीतल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला फळा आणि वही पुरते. दोन-तीन शाखा, वेगवेगळ्या वेळा आणि पाळ्या असलेल्या ‘अ’ वर्गाच्या वाचनालयाला मात्र हे लागतंच. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, तेव्हा रस्ते आणि वेळा बदलत राहतील. कॅलेंडर आणि मुदतवाढीची कृती निदान दोघांच्या हातात त्याआधी बसलेली असावी.

सर्व्हर वाचनालयातच असेल तर वीज गेल्यावर न्यूजही दिसत नाही आणि कॅलेंडरही नाही. शनिवारी खिडकी बंद करण्याआधी पुढच्या आठवड्याच्या चालू सूचना एका पानावर छापून खिडकीच्या आतल्या बाजूला लावाव्यात, आणि पान लावणाऱ्याने त्यावर तारीख घालावी.